मोटर रोज भरावी लागते? पंपाचं पाणी का सुटतं आणि अडगळीतल्या सामानावर ते कसं थांबवायचं

हे सगळं विहिरीच्या कट्ट्यावर बसवलेल्या मोनोब्लॉक पंपासाठी आहे. तीन किंवा पाच एचपीची मोटर, खाली विहिरीत सोडलेला सक्शन पाइप आणि त्याच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी वर येऊ देणारी पण परत खाली न सोडणारी झडप, आपला फुटबॉल. पाणबुडी मोटरला यातलं काही लागू नाही.

तक्रार सगळ्यांची एकच असते, "मोटर पाणी धरत नाही." पण एवढ्यावर पाना उचलू नका. त्या एका वाक्यात निदान चार वेगळे बिघाड असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

लक्षणं

संध्याकाळी मोटर नीट चालली होती, सकाळी बटण दाबलं तर नुसतीच घुमते. घागरभर पाणी ओतून भरली की पुन्हा दिवसभर बिनतक्रार चालते. दुसऱ्या सकाळी परत तेच. हा फूट व्हॉल्व्हचा झिरपा. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार हाच.

भरायला गेलं तर पाणी थांबतच नाही, कितीही ओता, सगळं विहिरीत. अशा वेळी फूट व्हॉल्व्हच्या तोंडात काडी, पाला, खेकडा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा अडकून तो उघडा राहिलेला असतो.

भरली, सुरू झाली, पाणी आलं, आणि पाच-दहा मिनिटांत धार फसफसत तुटक होऊन बंद पडली. इथे फूट व्हॉल्व्हला दोष देऊ नका. कुठून तरी हवा आत जातेय, नाहीतर विहिरीतलं पाणी खाली गेलंय.

चौथा प्रकार फसवा. पंप भरलेला राहतो, मोटर फिरते, पण पाणी येतच नाही किंवा करंगळीएवढी धार येते. मोटर उलटी फिरत असेल, जाळी बंद असेल किंवा पंपातला पाणी फेकणारा पंखा झिजला असेल.

पॅनलवर अँपिअरचा काटा असेल तर तोही बघून ठेवा. पाच एचपीची थ्री फेज मोटर पाणी ओढत असताना साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. पाणी सुटलं की काटा निम्म्याच्या जवळ उतरतो. मोटर चालतेय पण काटा खाली, म्हणजे ती कोरडी फिरतेय. लगेच बंद करा. शाफ्टभोवती पाणी अडवणारं आतलं सील पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की ते काही मिनिटांत तडकतं आणि घागरभर पाण्याचं काम हजारांच्या कामावर जातं.

हात लावण्याआधी

स्टार्टर नुसता बंद करून कामाला बसू नका. शेतीची लाइन कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि ऑटो स्विच लावलेला असेल तर लाइन येताक्षणी मोटर आपोआप उचलते. मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढा आणि खिशात ठेवा. पेटीवर ठेवले तर कोणीतरी "लाइन आली रे" म्हणून लावून टाकतो.

ऑटो स्विचबद्दल एवढंच सांगतो, की फूट व्हॉल्व्ह झिरपत असेल तोवर तो काढूनच ठेवा. रात्री दोनला लाइन येते, मोटर सुरू होते, पाइप रिकामा असतो आणि सकाळपर्यंत पंप भाजून निघतो. महावितरणही ऑटो स्विच काढून कपॅसिटर लावा म्हणून सांगत असतं, कारण लाइन येताच सगळ्या मोटरी एकदम उचलल्या की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण पडतो. ते त्यांचं कारण झालं, आपल्याला आपल्या सीलचं कारण पुरेसं आहे.

आणखी एक नियम इथेच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे: जुगाड पाण्याच्या बाजूला चालतो, विजेच्या बाजूला अजिबात नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पंप काठोकाठ भरा. प्रायमिंगच्या, म्हणजे पंपात पाणी ओतायच्या, तोंडातून पाणी दिसत राहील इतकं. मोटर सुरू न करता दहा मिनिटं नुसतं बघा. पाणी जागचं हललं नाही, तर फूट व्हॉल्व्ह निदान आत्ता तरी धरतोय. हळूहळू बोटभर उतरलं, तर झिरपा. गडप झालं, तर अडकलेला कचरा. सगळ्यात महाग काम, म्हणजे पाइप वर काढणं, करायचं की नाही ते या दहा मिनिटांत ठरतं. म्हणून ही तपासणी पहिली.

पाणी उतरताना बाहेरच्या जोडांवरून हात फिरवा. एखादा जोड ओला लागला तर गळती तिथे आहे, खाली नाही. पुष्कळदा दोष निघतो प्रायमिंगच्या बुचाचा. आटे झिजलेले, वायसर हरवलेलं, आणि वर कापडाची चिंधी कोंबलेली. ती काढून टाका, आट्यांवर टेफ्लॉन टेप सात-आठ वेढे गुंडाळा आणि बूच नीट बसवा.

नुकतीच डीपी बदलली असेल, लाइनचं काम झालं असेल किंवा मोटर रिवाइंडिंगहून परत आली असेल, तर फिरण्याची दिशा आधी बघा. पंपाच्या अंगावर बाण असतो. थ्री फेजमध्ये दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, आवाजही नेहमीसारखाच येतो, फक्त पाणी नावापुरतं. दोन वायरी उलट केल्या की काम होतं, पण त्या वायरी वायरमनकडून बदलून घ्या.

मग विहिरीत डोकवा. हवेच्या दाबावर पाणी किती वर ढकललं जाऊ शकतं त्याला निसर्गाची मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ती सुमारे 10.3 मीटर. उंचावर गेलं की ती कमी होते. नाशिक-नगर पट्ट्यात सहाशे मीटरच्या आसपास उंची धरली तर साडेनऊच्या घरात. ही कागदावरची मर्यादा. पाइपातलं घर्षण, बेंड, जाळी हे सगळं वजा करून 6 मीटर, म्हणजे वीस फूट, एवढंच धरून चाला. जानेवारीत सुरळीत चालणारी मोटर एप्रिलमध्ये पाणी सोडते त्याचं कारण बहुतेकदा हेच. पाणी पाच फूट खाली गेलं आणि पंप तिथेच वर. यावर वायसर, दोरी, सफेदा (जोडाला लावायचा लेप) काही चालत नाही. पंप खालच्या टप्प्यावर बसवणं एवढाच उपाय.

पातळी ठीक आहे पण फूट व्हॉल्व्हच्या वर जेमतेम हातभर पाणी आहे, असं असेल तर पृष्ठभागावर भोवरा धरतो आणि त्यातून हवा खाली ओढली जाते. निदान दोन फूट पाणी वर हवं. तोवरची सोय म्हणून भोवऱ्याच्या जागी दोरीला बांधलेली फळी तरंगत सोडा. भोवरा मोडतो. तळापासूनही फूट-दीड फूट अंतर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जाईल.

हवा कुठून जाते

सक्शनच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही. डिलिव्हरीचा पाइप फुटला तर पाणी उडतं, सक्शनचा फुटला तर तो गुपचूप हवा पितो. म्हणून मोटर चालू असताना कपड्याच्या साबणाचा दाट फेस प्रत्येक जोडावर, बेंडवर, फ्लँजवर थापा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे भोक आहे. ग्लँडजवळ, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या दोरी भरलेल्या जागेजवळ, पेटती उदबत्ती धरा. धूर शाफ्टकडे वळला तर हवा तिथून जातेय. हात आणि बाही शाफ्टपासून लांब, पंचा-उपरणं काढून ठेवायचं.

जोडातून हवा जात असेल तर जोड उघडून सूत आणि सफेदा लावून पुन्हा आवळा. आत्ता उघडणं शक्य नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीत कापा, ताणून ताणून एकावर एक निम्मी चढवत गुंडाळा आणि वर बाइंडिंग वायर. सक्शनवर हा जुगाड डिलिव्हरीपेक्षा कितीतरी चांगला टिकतो, कारण बाहेरची हवाच ट्यूबला भोकावर दाबून धरते. डिलिव्हरीवर आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं. पाइप कोरडा करून एम-सील लावलं तरी चालतं, पण ओल्या पाइपावर ते धरत नाही. घाईत सगळे तेच करतात.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर आट्यांच्या मुळाशी बघा. पाइप तिथे सर्वांत पातळ असतो आणि गंजून सुईएवढं भोक पडतं. पीव्हीसी असेल तर बेंडच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर शोधा. आणखी एक गोष्ट, जी बसवणाऱ्याने केलेली असते आणि शेतकऱ्याला निस्तरावी लागते: सक्शनचा आडवा पाइप पंपाकडे किंचित चढता हवा. मधे उंचवटा असेल तर तिथे हवेचा फुगा साठतो आणि जोड कितीही घट्ट असले तरी मोटर पाणी सोडते.

ग्लँडमधून चालू असताना थेंब-थेंब पाणी पडायला हवं. अगदी कोरडी केलेली ग्लँड बघून लोक खूश होतात, पण तो थेंबच शाफ्टला थंड ठेवतो. जास्त गळत असेल तर दोन्ही नट पाव-पाव फेरा, समसमान. तरीही थांबलं नाही तर दोरी संपली आहे. जुनी सगळी उकरून काढा, वर नवा तुकडा कोंबून भागत नाही. नवी दोरी तेवढ्याच जाडीच्या सळईवर गुंडाळून तिरप्या कापाने स्वतंत्र कडी करा आणि बसवताना सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. दुकान बंद असेल तर सुती दोरी ग्रीसमध्ये चांगली भिजवून एक-दोन दिवस निघतात. नायलॉनची दोरी वापरू नका, वितळून शाफ्टला चिकटते. तुमच्या पंपाला ग्लँडऐवजी मेकॅनिकल सील असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

शेणकाल्याबद्दल

शेण कालवून प्रायमिंगमध्ये ओतायचं, म्हणजे त्यातले तंतू फूट व्हॉल्व्हच्या फटीत बसतात आणि पाणी धरतं. चालतं. खरंच चालतं. पण बहुतेक जण शेणात माती मिसळतात आणि ती माती सील, ग्लँड, पंखा सगळं घासते. नुसतं शेण, पातळ, गाळलेलं, आणि एका भरण्यापुरतं. पुढे ठिबक असेल तर तेही नको, नळ्यांची भोकं बसतील.

अडकलेल्या कचऱ्यासाठी शेणाआधी उलटं पाणी सोडून बघा. डिलिव्हरीच्या पाइपात वरपर्यंत पाणी उभं असेल आणि मधे कॉक असेल, तर पंप भरून तो कॉक झटक्यात उघडा. पाण्याचा लोंढा उलटा खाली जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, कचरा कधीकधी निघून जातो. दोन-तीनदा करा. लोखंडी पाइप असेल तर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकेही देता येतात, पीव्हीसीला नको.

पाइप वर काढणं आणि अडगळीत शिरणं

इथून काम जड होतं, अगदी शब्दशः. मध्यम जाडीचा 3 इंची जीआय पाइप मीटरला साडेआठ किलोच्या आसपास भरतो. वीस फुटी नळीचेच पन्नास किलो झाले, वर फूट व्हॉल्व्हचं बीड (ओतीव लोखंड). दोघांनी कट्ट्यावर वाकून ओढायचं हे काम नाही. तिपाई आणि चेनब्लॉक लावा, पाइपाला दोन ठिकाणी दोरी बांधा, एक ओढायला आणि एक निसटला तर धरायला.

फूट व्हॉल्व्ह वर आला की आतली रचना बघा. साध्या बिडाच्या व्हॉल्व्हमध्ये एक गोल सीट, तिच्यावर चामड्याची झडप आणि झडपेवर लोखंडी वजन असतं. गळतं ते चामडं कडेला कुरतडलेलं असतं म्हणून, सीटवर गंजाची खपली असते म्हणून किंवा वजनाचा स्क्रू ढिला झालेला असतो म्हणून. स्क्रू आवळा, सीट पॉलिश कागदाने सपाट घासा. कागद बोटाने न धरता सपाट फळीच्या तुकड्यावर गुंडाळून घासायचा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

चामडं गेलं असेल आणि बाजार उद्याचा असेल, तर मोटरखोलीच्या मागची अडगळ. प्रत्येकाकडे ती असते: खताच्या गोण्यांत भरलेले नटबोल्ट, रॉकेलचे जुने डबे, तुटलेले स्प्रिंकलर, कधीकाळी "लागेल" म्हणून ठेवलेला अर्धा पंप. यात "फूट व्हॉल्व्हचं चामडं" शोधायला गेलात तर मिळणार नाही. काय काम करायचंय ते शोधा. आपल्याला हवं आहे पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, लवचिक आणि पाण्यात न फुगणारं काहीतरी. असं म्हणून बघितलं की अडगळ बोलायला लागते. ट्रकच्या टायरमधली जुनी फ्लॅप उत्तम. कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा चांगला, कडक नसेल तर. जुन्या चामडी चपलेचा जाड तळ चालतो, आधी रात्रभर पाण्यात भिजवून. ट्रॅक्टरची ट्यूब सगळ्यांच्या हाताशी असते पण एकेरी चालत नाही, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. तीन इंची सीटवर 6 मीटर पाण्याचा खांब उभा राहिला की साधारण 27 किलोचा भार पडतो. पातळ ट्यूब त्याखाली भोकात खचते, कड उचलली जाते आणि पाणी निसटतं. तीच वापरायची झाली तर दुहेरी घ्या आणि वर सीटच्या भोकापेक्षा मोठी पत्र्याची चकती द्या. चकतीच्या कडा घासून बोथट करा, नाहीतर तीच ट्यूब कापेल.

शोधताना सगळं उचकटू नका. मोठं गोणपाट अंथरा, एकेक डबा त्यावर उपडा करा, बघा, परत भरा, मग पुढचा. बारीक स्क्रू भुशात किंवा मातीत पडला असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी केली की कीस आणि स्क्रू आपोआप सुटे होतात. पितळेचा स्क्रू मात्र चुंबकाला लागणार नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागेल.

अडगळीत अख्खा जुना फूट व्हॉल्व्ह सापडला तर सोन्याहून पिवळं, पण माप घ्या. "अडीच इंची वाटतो" यावर जाऊ नका. जीआय पाइपचा बाहेरचा व्यास 2 इंचीला 60, अडीच इंचीला 76 आणि 3 इंचीला 89 मिलिमीटरच्या आसपास येतो. पीव्हीसीत जवळचे आकार 63, 75 आणि 90. बाहेरून जवळजवळ सारखे वाटतात, म्हणूनच लोक पीव्हीसीवर जीआयचा सॉकेट ठोकून बसवतात आणि मग महिनाभर हवा शोधतात.

नवी झडप कापताना जुनी साचा म्हणून ठेवा, फाटली असेल तरी. कड सीटच्या बाहेर चहूबाजूंनी निदान अर्धा इंच यायला हवी, पण बॉडीच्या भिंतीला घासू नये. गुळगुळीत बाजू सीटकडे. बिजागरीची पट्टी ताणून नको, थोडी सैल ठेवा म्हणजे झडप स्वतःच्या वजनाने सपाट बसेल. पाइपाला लावण्याआधी व्हॉल्व्ह उभा धरून वरून पाणी भरा आणि अर्धा तास तसाच ठेवा. थोडासा झिरपा वर पाण्याचा दाब आला की बंद होतो. सतत धार लागली तर दाबानेही बंद होणार नाही, पुन्हा खोला. खाली सोडण्याआधी जाळी बघा, फुटली असेल तर नवी लावा. जाळी नसलेला फूट व्हॉल्व्ह आठवडाभरात पुन्हा वर येतो.

ट्यूबची झडप हंगामाच्या एखाद्या पाळीपुरती समजा. फ्लॅपची किंवा चामड्याची मात्र नीट कापली तर हंगाम काढून जाते.

इथे थांबा

विहिरीत उतरावं लागत असेल तर एकट्याने कधीच नाही. बंद पडलेल्या, झाकलेल्या किंवा खोल विहिरीत विषारी वायू साठलेला असू शकतो, आणि आत बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. विहिरीच्या आतल्या टप्प्यावर डिझेल इंजिन चालवून पाणी उपसण्याचा बेत तर डोक्यातूनच काढा. त्याचा धूर जड हवेसारखा तिथेच कोंडतो आणि माणूस जागीच जातो. असा प्रसंग आला तर उतरू नका, 112 ला फोन करा.

पंपाच्या किंवा मोटरच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, स्टार्टर पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल, मोटर गुरगुरते पण फिरत नसेल, जळका वास येत असेल, तर पाण्याची बाजू विसरा. एक फेज गेला असेल किंवा वाइंडिंग जात असेल. फ्यूजमध्ये जाड तार घालणं, ओव्हरलोड रिले बांधून ठेवणं, एका फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर ओढणं हे सगळं शिवारात चालतं आणि त्यातूनच मोटरी आणि माणसं जातात. वायरमनला बोलवा. दोष डीपीवर असेल तर तुमच्या वायरमनलाही चढू देऊ नका. तक्रार 1912 वर नोंदवा.

पंप उघडायची वेळ आली, म्हणजे सगळं तपासून झालं, हवा नाही, फूट व्हॉल्व्ह धरतोय, दिशा बरोबर आहे, आणि तरी पाणी कमी, तर पंखा किंवा त्याच्याभोवतीची वेअर रिंग झिजली आहे. शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल तर बेअरिंग. ही कामं प्रेस आणि लेथ असलेल्या वर्कशॉपची. छिन्नी-हातोडीने पंखा उतरवायला गेलात तर शाफ्ट वाकतो आणि मग नवीन सीलही टिकत नाही.

मिस्त्रीला फोन करताना "मोटर पाणी सोडते" एवढंच सांगू नका. एचपी किती, ग्लँड आहे की मेकॅनिकल सील, सक्शन किती इंची आणि जीआय की पीव्हीसी, पाणी पंपापासून किती फूट खाली, दहा मिनिटांत किती उतरलं, आणि चालू असताना काटा किती दाखवतो, हे सांगा. म्हणजे तो योग्य सामान पिशवीत घालूनच गाडीला किक मारेल आणि तुमच्याकडून दोन फेऱ्यांचे पैसे घेणार नाही.